सी-व्ह्यू अर्थात रायगड जिल्हा

मुंबईत बड्या हॉटेलातली खोली निवडायला बसलं की पहिली गंमत दिसते ती खोल्यांच्या वर्गवारीत. पलंग तोच, उशा तेवढ्याच, न्हाणीघरातला संगमरवर तोच, चहाची किटलीही तीच. पण एका खोलीचं नाव ‘सिटी व्ह्यू’ आणि दुसरीचं ‘सी व्ह्यू’. सिटीतली ‘टी’ काढून टाकली की सी उरते, आणि ती ‘टी’ काढण्याचे काही हजार रुपये पडतात. चहा न देण्याबद्दल एवढी रक्कम घेणारा दुसरा धंदा नसेल. काही ठिकाणी या दोहोंच्या मध्ये ‘पार्शल सी व्ह्यू’ नावाची एक त्रिशंकू जातही असते. तिच्यातून समुद्र दिसतो, नाही असं नाही. पण त्यासाठी खिडकीच्या एका कोपऱ्यात उभं राहून, गाल काचेला चिकटवून मान जेवढी वळेल तेवढी वळवावी लागते. म्हणजे भाड्यात वाचलेले पैसे परत आल्यावर फिजिओथेरपिस्टकडे भरायचे.

या वर्गवारीच्या मुळाशी एक तत्त्व आहे. जुन्या बंदराच्या शहरात श्रीमंती मोजतात ती माणूस पाण्याच्या किती जवळ गेला यावर नव्हे, तर जवळ बसवूनही त्याला पाण्यापासून किती शिताफीनं लांब ठेवलं यावर. पाणी दिसलं पाहिजे. मात्र ते लागता कामा नये, त्याचा वास येता कामा नये, त्याचा आवाज झोपमोड करता कामा नये, आणि त्यातलं काही ताटात आलंच तर त्यानं आपलं माहेर कोणतं ते बोलून दाखवता कामा नये. पाणी हवं, पण कोरडं हवं. हे तत्त्व व्हेनिसला लागू पडतं आणि उदयपूरलाही. पण मुंबईत पुरावा हाताशी आहे आणि तो तपासायला लोकलचं तिकीट पुरतं, म्हणून आपलं मुंबईच घेऊ.

अपोलो बंदरावरचं ताजमहाल पॅलेस हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. मुंबई पश्चिम किनाऱ्यावरचं शहर असल्यामुळे इथला समुद्र पश्चिमेलाच असणार अशी येणाऱ्याची खात्री असते, आणि शाळेतला भूगोलही त्याच्या बाजूनं साक्ष देतो. पण अपोलो बंदर शहराच्या पूर्व अंगाला आहे. गेटवेसमोरचं पाणी म्हणजे मुंबई बेट आणि समोरची जमीन यांच्यामधलं बंदराचं पाणी. पलीकडे आफ्रिका नाही, उरण आहे. घारापुरीचं बेट दिसतं, तेही उरण तालुक्यातच मोडतं. हवा स्वच्छ असली तर दक्षिणेकडे अलिबाग तालुक्यातले डोंगर दिसतात. मधल्या पाण्यात नौदलाच्या, तेलाच्या आणि मालाच्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. थोडक्यात, सातासमुद्रापलीकडून आलेला पाहुणा जादा पैसे मोजतो, सकाळी उठून मोठ्या अपेक्षेनं पडदा सरकवतो आणि रायगड जिल्हा बघतो. पनवेलहून एसटीनं उरणला निघालेल्या माणसाला खिडकीची जागा मिळाली तर हाच जिल्हा तिकिटाच्या पैशात आणि कितीतरी जवळून दिसतो. फक्त त्याला कोणी व्ह्यू म्हणत नाही.

सूर्यास्ताचं तर विचारूच नका. अरबी समुद्रात बुडणारा लालबुंद गोळा हे या खोल्यांकडून बाळगलेलं सगळ्यात मोठं स्वप्न, आणि पूर्वेच्या खिडकीतून ते बघायचं तर पृथ्वीलाच उलटी फिरवायला सांगावं लागेल. इतकी सोय अजून कुठल्याही हॉटेलच्या यादीत नाही. सूर्य मावळतो तो मागच्या बाजूला, कुलाब्याच्या कौलांवर, पाण्याच्या टाक्यांवर आणि वाळत घातलेल्या चादरींवर. म्हणजे नेमका ‘सिटी व्ह्यू’वाल्यांच्या वाट्याला येतो. त्यांनी त्याचे पैसे दिलेले नसतात, त्यामुळे ते त्याच्याकडे बघतही नाहीत. ‘सी व्ह्यू’वाल्यांना सूर्योदय मिळतो खरा, पण मऊ गादीवर रात्री उशिरा झोपलेल्या माणसाच्या तोंडावर तो थेट येतो आणि पहिलं काम काय होतं, तर पडदा ओढला जातो.

मराठी माणूस इथे आपलं जुनं हत्यार बाहेर काढतो. ते म्हणजे वसुली. बुफे त्यानं शतकानुशतकं असल्यासारखा पचवला आहे. सॅलड टाळायचं, सूप टाळायचं, पाव तर बघायचाही नाही, थेट कोळंबीपाशी उभं राहायचं, हे शास्त्र घराघरांत पाठ आहे. पण व्ह्यू कसा वसूल करायचा? समजा दोन खोल्यांच्या भाड्यात ५,००० रुपयांचा फरक आहे. दुपारी २ ला खोली ताब्यात येते आणि दुसऱ्या दिवशी १२ वाजता सोडायची, म्हणजे हातात २२ तास. त्यातले ११ अंधाराचे; अंधारात समुद्र आणि सोलापूरचं माळरान यांत फरक करता येत नाही. सकाळचे दोन-अडीच तास पडद्याआड गेले. नाश्ता खोलीच्या भाड्यातच असल्यामुळे त्याला दोन तासांपेक्षा कमी देणं हा स्वतःवरच अन्याय. आंघोळीचा टब घरी नाही, तेव्हा तिथे पाऊण तास. उरलेल्या वेळात मंडळी काय करतात, तर खाली उतरून गेटवे बघायला जातात, म्हणजे ज्या खिडकीचे पैसे दिले तिच्यात जे दिसतं त्यात स्वतःच जाऊन उभी राहतात. हिशेब ताणून दोन तास उरले असं धरलं, तरी दर ताशी अडीच हजार झाला. घारापुरीच्या लाँचचं जाऊन-येऊन तिकीट साधारण अडीच-तीनशे रुपये आहे आणि त्यात पाणी खालूनही दिसतं.

कोणी म्हणेल, हा हिशेब कद्रूपणाचा आहे. जुन्या बंदरावर उतरण्यात इतिहास आहे, त्याचे पैसे मोजायचे. मान्य. पण तो इतिहासही माझ्याच बाजूनं बोलतो. मोठी हॉटेलं बंदराशी का आली? दृश्यासाठी नव्हे, बोटीतून उतरलेल्या माणसासाठी. महिनाभर पाणी बघून, पाण्यावर ओकून, पाण्याला विटून आलेल्या उतारूला जमिनीवर पाय ठेवल्याबरोबर हवा असायचा तो कोरडा पलंग. काळा घोड्यापाशी १८६०च्या दशकात उभं राहिलेलं वॉटसन हॉटेल याच गिऱ्हाइकासाठी होतं. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडात तयार होऊन बोटीतून आला होता, म्हणजे उतारूंबरोबर हॉटेलही उतारू म्हणूनच आलं. ताज उघडलं तेव्हा समोर गेटवेची कमान नव्हती. पंचम जॉर्ज १९११ साली उतरला तेव्हाही नव्हती. ती पुरी झाली १९२४ साली. ज्या दृश्यासाठी आज भाडं चढतं ते हॉटेलनंतर एकवीस वर्षांनी समोर आलं आहे.

आणि त्या जुन्या हॉटेलाचं मुख्य दार कुठे होतं? शहराकडे. समुद्राकडे पाठ करून. यावरून एक झकास दंतकथा तयार झाली आहे, आणि गेटवेवरचा प्रत्येक गाइड ती स्वतःच्या काकांची असल्यासारखी सांगतो: नकाशे विलायतेत काढले, इथल्यांनी इमारत उलटी बांधली, साहेब परत आला, बघितलं, आणि त्यानं जीव दिला. या गोष्टीला पुरावा काही नाही. आराखडा सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा या इथल्याच माणसांचा. वैद्य काम पुरं होण्याआधी वारले आणि ते डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीला नेलं. घोडागाड्या शहरातून यायच्या म्हणून दार शहराकडे. यात उलटं ते काय? गुहागरात जाऊन बघा. घराचं तोंड रस्त्याकडे, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि वाडी संपल्यावर समुद्र. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या समुद्राकाठी काढल्या त्यांनी ओटीवर बसून त्याच्याकडे बघत राहायची हौस कधी केली नाही. तो मागे असतो, त्याचं काम चालू असतं, खारा वारा वाडीनं अडवलेला असतो. दिवाणखान्यातून समुद्र दिसावा ही इच्छा ज्याला समुद्राशी काही काम नाही त्याची. वैद्यांनी हॉटेल उलटं बांधलं नाही, चारचौघांसारखं बांधलं. पुढे दार फिरवून बंदराकडे आणलं आणि जुन्या दाराच्या जागी पोहण्याचा तलाव झाला. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड्या पाण्याचा निळा हौद! कोरड्या पाण्याचं तत्त्व याहून स्वच्छ मांडता येणार नाही.

नावांचंही तसंच. अपोलो हा ग्रीकांचा देव, तो कुलाब्याला कशाला येईल? कोळ्यांचं आणि जुन्या मुंबईकरांचं ते पालवा बंदर. पालव नावाच्या गलबतांवरून ते नाव पडलं असं कोणी म्हणतं, कोणी पाला माशाकडे बोट दाखवतं. साहेबाच्या कानानं त्याचा अपोलो केला. आता कल्पना करा, ‘पालवा बंदर व्ह्यू’ या नावानं खोली किती रुपयांना जाईल? शहरात भाऊचा धक्काही आहे. तिथून बोटी सुटतात, तिथे मासळी उतरते, तिथूनही समोर तोच रायगड जिल्हा दिसतो, आणि तो भाऊ अजिंक्यांनी बांधला ही इतिहासातली नोंदही आहे. पण धक्का या शब्दानं भाडं चढत नाही. ‘धक्का व्ह्यू’ म्हटलं तर गिऱ्हाईक आधी विमा आहे का ते विचारेल.

आता नाकाकडे येऊ. अपोलो बंदरापासून दोनेक किलोमीटरवर ससून डॉक आहे, १८७५ सालचा. पहाटे, हॉटेलातले पाहुणे साखरझोपेत असताना, तिथे दिवस अर्धा उलटलेला असतो. फरशीवर बर्फाचं पाणी, पाण्यात खवले. टोपल्या ओढण्याचा आवाज, वर दिव्यांचा पिवळा उजेड, आणि लिलावाचा असा गलका की कोण विकतंय आणि कोण भांडतंय ते नवख्याला कळू नये. एका कडेला बायका ओळीनं बसून कोळंबी सोलत असतात. बोटं इतकी भराभर चालतात की सोललेली कोळंबी ढिगात पडलेली दिसते, सोलताना दिसत नाही. ऐतिहासिक, पाण्याकाठचं आणि शंभर टक्के अस्सल असं काही मुंबईत बघायचं असेल तर ते हेच. पण एकाही हॉटेलच्या माहितीपत्रकात ‘डॉकच्या वाऱ्याची खोली’ असा प्रकार आढळत नाही. २०१७ साली चित्रकारांनी डॉकमध्ये कलाप्रदर्शन भरवलं तेव्हा नाकाला रुमाल लावणारा वर्गही तिथे आला; भिंतींवर चित्रं आल्यामुळे वासाला संदर्भ प्राप्त झाला होता. अलीकडे गेटवेजवळच्या रेडिओ क्लबपाशी बोटींसाठी नवी जेट्टी बांधायचं ठरलं तर काही रहिवासी थेट कोर्टात गेले. गर्दी होईल, गाड्या वाढतील ही त्यांची कारणं खोटी नाहीत, आणि कोर्टानं प्रकल्प अडवलाही नाही. पण बंदरावर राहून बंदरावर बोटी नकोत हे मागणं ऐकायला मोठं मौजेचं आहे. देवळाच्या आवारात घर घ्यायचं आणि घंटा काढा म्हणायचं, त्यातला हा प्रकार.

जेवणात हे तत्त्व कळसाला पोचतं. आपल्याकडे मासा ताटात येतो तो स्वतःची ओळख घेऊन येतो. डोकं असतं, शेपूट असते, काटे असतात. कर्ली खाणं तर जेवणापेक्षा शस्त्रक्रियेच्या जवळ जातं. खाणाऱ्याकडे कौशल्य हवं असं इथे गृहीत आहे. फाइन डायनिंगमध्ये कौशल्य शेफकडे असतं आणि खाणाऱ्याकडे क्रेडिट कार्ड. तिथला मासा काट्याविना, कातडीविना, भूतकाळाविना येतो. बशी परातीएवढी, मासा रुपयाएवढा, भोवती हिरवा शिंतोडा, आणि स्टुअर्ड खाली वाकून हळू आवाजात, दुःखद बातमी सांगावी तसा, पदार्थाचं वर्णन करतो. मासा बहुतेक वेळा सामन असतो, नॉर्वेहून विमानानं आलेला. दोन किलोमीटरवरच्या डॉकातला बांगडा चालत आला असता, पण चालत येणाऱ्याला मान कुठला? १ जूनपासून राज्यात मासेमारीवर बंदी लागते, होड्या किनाऱ्याला ओढल्या जातात आणि कोळीवाड्यात सुक्या मासळीचे डबे उघडतात. या मेनूवर मात्र एक ओळ बदलत नाही. २०२३ साली सरकारनं पापलेटाला राज्य माशाचा दर्जा दिला. तेव्हापासून तरी त्याला बड्या टेबलांवर राजशिष्टाचारानुसार मानाची जागा मिळायला हवी होती, पण खुर्चीवर अजून सामनच बसलेला आहे.

आपण अन्नाचे पैसे देत नाही याचा सर्वांत सरळ पुरावा शेफनं नव्हे, जीएसटी खात्यानं दिला आहे. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या जेवणावर १८ टक्के कर, बाहेरच्या साध्या हॉटेलात ५ टक्के. म्हणजे तळमजल्यावर खाल्लेल्या सुरमईवरचा कर चौथ्या मजल्यावरच्या पलंगावरून ठरतो. सुरमईचा आणि पलंगाचा संबंध काय, असं आपण विचारू. पण सरकारला तो दिसला, आणि या बाबतीत सरकारची नजर स्वच्छ आहे.

यावर एक आक्षेप जोरात येईल, आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. हे सगळं जुनं झालं, आता बड्या शेफांना स्थानिक पदार्थांचं वेड लागलं आहे, बोंबील पांढऱ्या टेबलक्लॉथवर पोचला आहे. खरं आहे, आणि चांगलंच आहे. पण कसा पोचला ते बघा. बोंबील म्हणजे मुळात जेमतेम आकार दिलेलं पाणी. ताजा बोंबील हातात धरला तर हाताच्या दोन्ही बाजूंना लोंबतो. म्हणून घरी तो चिरून, उघडून, मीठ लावून पाट्याखाली किंवा जड काहीतरी ठेवून दाबतात. पाणी निथळलं की तिखट-हळद लावून रव्यात घोळवून तळतात. वाळवायचे असले तर दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीनं बांबूवर टांगतात. इतक्या साध्या गोष्टीला बड्या टेबलावर येताना कथा लागते. स्टुअर्ड सांगतो, इंग्रजांच्या काळी हा मासा डाकगाडीनं जायचा, डब्याला वास यायचा, म्हणून ‘बॉम्बे डाक’चं ‘बॉम्बे डक’ झालं. गोष्ट छान आहे. एवढंच की मुंबईत आगगाडी धावली १८५३ साली, आणि ‘बॉम्बे डक’ हे नाव त्याच्याही आधीपासून छापलेलं सापडतं. तर बोंबील आला, पण पाणी गाळून, वास काढून आणि कथा जोडून आला. माझा मुद्दा याच्या विरोधात जात नाही. बोंबलापुरता तर तो अक्षरशः खरा ठरतो.

दुसरा आक्षेप आणखी बारीक आहे. मुंबईतलं आजचं सर्वांत चर्चेतलं जेवण पाण्याकाठी नाहीच. ‘मास्क’ २०१६ साली सुरू झालं ते महालक्ष्मीला, एका जुन्या लोकर गिरणीच्या आवारात. त्याच्या आदल्या वर्षी ‘द बॉम्बे कँटीन’ उघडलं ते लोअर परळच्या कमला मिलमध्ये. हे कबूल केलंच पाहिजे, आणि दोन्हीकडचे शेफ कसबी आहेत हेही. पण यातून एवढंच सिद्ध होतं की मुंबईच्या श्रीमंतीला आता समुद्र दिसायचीसुद्धा गरज उरलेली नाही. तिला फक्त कुणाचीतरी जुनी जागा लागते. बंदरावर कोळ्यांची, परळात गिरणी कामगारांची. गिरणीत कँटीन पूर्वीही होतं. भोंगा झाला की तिथे रांग लागायची. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, भोंगे थांबले, आणि कालांतरानं कँटीन परत आलं ते पुढे ‘द’ लावून.

तिसरा आक्षेप मराठी माणसाला हमखास ऐकावा लागतो: कोल्ह्याला द्राक्षं आंबट. यावर मला कोल्ह्याचा खटला पुन्हा चालवावासा वाटतो. कोल्ह्याकडे पुरावा नव्हता, हे त्याचं चुकलं. इथे द्राक्षांच्या मालकानंच प्रत्येक घडावर लेबल लावून ठेवलं आहे: हा घड दिसतो, हा थोडा दिसतो, हा दिसत नाही, चव तिन्हींची सारखी. हॉटेलवाला फसवत नाही. तो खिडकीचे पैसे खिडकीच्या नावानंच घेतो. गिऱ्हाइकाला समुद्र आवडतो की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नाही, गिऱ्हाइकाला परतल्यावर सांगायला काय लागतं ते त्यानं ओळखलं आहे. २०१७ साली ताजनं आपल्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्कही नोंदवला. घुमटाचं चित्र कुणी धंद्यासाठी वापरलं तर परवानगी लागेल. गेटवेवर रोज हजारोंनी निघणारे सेल्फी यातून सुटले, नाहीतर त्या नोटिसा पाठवायला वेगळं टपाल कार्यालय काढावं लागलं असतं.

हॉटेलांच्या बाजूनंही दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, नाहीतर हा एकतर्फी निकाल होईल. एक, पैसा असल्याशिवाय जुनी वास्तू उभी राहत नाही. वॉटसन हॉटेलची इमारत आज एस्प्लनेड मॅन्शन म्हणून जी उभी आहे, ती बघितली की सी-व्ह्यूचे जादा पैसे कुठे जातात याबद्दलचा राग बराच निवळतो. १८९६ साली ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती याच इमारतीत, आणि आज तिच्याखालून जाताना लोक आधी वर बघतात, ते इतिहासाच्या आदरानं नव्हे, सज्जाच्या भीतीनं. दोन, कोरड्या पाण्याचा खरा उपयोग व्हावा अशी एक जागा ताजमध्ये आहे, ती म्हणजे सी लाउंज. तिथे कित्येक वर्षं मुलगा-मुलगी बघण्याचे कार्यक्रम होत आले आहेत, आणि ती निवड अचूक आहे. दोन अनोळखी कुटुंबांचं बोलणं पाचव्या मिनिटाला आटतं. डोंबिवलीच्या दिवाणखान्यात अशा वेळी शोकेसमधल्या बाहुल्यांकडे बघावं लागतं, आणि त्या बाहुल्या मुलीनंच केल्या आहेत हे कोणीतरी सांगून जातं. सी लाउंजमध्ये सगळेच एकदम समुद्राकडे वळतात. ‘किती बोटी आहेत नाही!’ एवढ्यावर आणखी दहा मिनिटं निभतात. रायगड जिल्ह्यानं किती लग्नं जमवली याची गणती झालेली नाही.

आणि तरीही निकाल फिरत नाही, कारण पावसाळा येतो. जुलैत समुद्र ज्या दिवशी खरा समुद्र असतो त्या दिवशी सी-व्ह्यूच्या काचेवरून नुसते पाण्याचे ओघळ वाहत असतात, मांडव्याच्या लाँचेस बंद असतात आणि समोरचा जिल्हा संपूर्ण गायब होतो. भाडं मात्र त्याच खिडकीचं चालू. त्याच वेळी शहराच्या दुसऱ्या अंगाला, मरीन ड्राइव्हवर, वेगळंच चाललेलं असतं. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस आणि वेळा महापालिका दर पावसाळ्यात आधीच जाहीर करते, लोकांनी लांब राहावं म्हणून. लोक ती यादी वाचून वेळेवर हजर होतात. लाट कठड्यावर आपटते, दोन पुरुष वर जाते, आणि लिंबू-मीठ चोळलेल्या कणसासकट सगळ्यांना नखशिखांत भिजवते. ऑफिसच्या बॅगा भिजतात, मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, छत्र्या उलट्या. पोलीस शिट्ट्या मारतात, लोक चार पावलं मागे जातात आणि पुढच्या लाटेला पाच पावलं पुढे येतात. या पाण्याला ना ‘पार्शल’ म्हणतात ना ‘ग्रँड’. जीएसटी लागतो तो फार तर छत्रीला.

तेव्हा पंचविसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलांनी खोली देऊ केली तर नाही म्हणू नका. फक्त बुकिंग करताना पश्चिमेकडची मागा. भाडं कमी आणि सूर्यास्त तिकडेच. रात्री जेवायला मागच्या गल्लीत बडेमियाँकडे जा. १९४६ पासून तिथे लोक गाडीच्या बॉनेटवर कबाब खातात आणि बॉनेटचे वेगळे पैसे पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी घारापुरीची लाँच पकडा, थोडे जादा देऊन वरच्या डेकवर बसा आणि बोट धक्क्यापासून सुटली की तोंड मागे करा: घुमट, कमान, सगळी खिडक्यांची रांग, एका नजरेत. सोमवारी मात्र जाऊ नका, लेणी बंद असतात.